पुण्याहून व्हॅनने दूरवर निघताना: वाटेत गाडी बंद पडली तर काय करावे

फोर्स ट्रॅव्हलर, मारुती ईको किंवा जुनी ओम्नी घेऊन, आत गादी, शेगडी आणि पाण्याची टाकी बसवून राजस्थान, लडाख किंवा ईशान्येकडे निघणारी कुटुंबे पुण्यात आता विरळ राहिलेली नाहीत. मुक्काम, खाणेपिणे आणि कपडे यांचा विचार त्यांनी बारकाईने केलेला असतो. पण गाडी बंद पडली तर काय, या प्रश्नाला बहुतेकांचे उत्तर "मिळेल कुठेतरी गॅरेज" एवढेच असते. गॅरेज मिळते, यात शंका नाही. मात्र ते मिळेपर्यंतच्या अर्ध्या तासात आणि मिळाल्यानंतरच्या पहिल्या दहा मिनिटांत जे ठरते, त्यावर पुढचे दोन-तीन दिवस आणि बराचसा पैसा अवलंबून असतो. पहिल्यांदाच अशा प्रवासाला निघणाऱ्यांनी एक गोष्ट मनाशी पक्की करावी: रस्त्याच्या कडेला आपले काम गाडी पूर्ण बरी करण्याचे नसून, सुटे भाग, जाणकार मिस्त्री आणि रात्रीचा निवारा हे तिन्ही जिथे मिळेल अशा पुढच्या गावापर्यंत ती धडपणे नेण्याचे आहे. खाली दिलेल्या सगळ्या पायऱ्या याच हेतूने मांडल्या आहेत.

निघण्यापूर्वी, पुण्यातच

सर्व्हिसिंग निघण्याच्या आदल्या दिवशी करून घेण्याची पद्धत बरोबर नाही. गाडी उघडून जोडली की एखादी क्लिप सैल राहते, एखादा बोल्ट अर्धवट आवळला जातो, आणि हे दोष पहिल्या दोन-तीनशे किलोमीटरमध्येच बाहेर येतात. म्हणून सर्व्हिसिंग किमान पंधरा दिवस आधी करावे आणि त्यानंतर गाडी पूर्ण सामानासह, टाकीत पाणी भरून, एका चाचणी फेरीला न्यावी. पुणेकरांना यासाठी लांब जावे लागत नाही. खंबाटकी चढून वाईला जावे, पसरणी घाटाने पाचगणी-महाबळेश्वर गाठावे, आंबेनळी घाटाने पोलादपूरला उतरावे आणि माणगाववरून ताम्हिणीमार्गे परत यावे. तीनशेहून थोड्या अधिक किलोमीटरच्या या फेरीत लांब चढ, तीव्र उतार, अरुंद वळणे आणि हमरस्त्याचा वेग या चारही गोष्टींची परीक्षा होते. पसरणी चढताना तापमानाचा काटा रोजच्या जागेवरून किती हलतो आणि आंबेनळी उतरताना ब्रेकचा वास येतो का, हे नोंदवून ठेवावे. गाडीची नेहमीची वागणूक ठाऊक असल्याशिवाय तिचे बिघडणे वेळेवर लक्षात येत नाही.

सर्व्हिसिंग ज्या मिस्त्रीकडून करून घ्याल, त्याला प्रवासाचा बेत सांगून "अडचण आली तर फोन केला तर चालेल ना?" असे आधीच विचारून ठेवावे. कच्छमधल्या किंवा बुंदेलखंडातल्या अनोळखी गॅरेजात पुण्याच्या मिस्त्रीने फोनवरून तिथल्या मिस्त्रीशी दोन मिनिटे बोलणे हा माझ्या मते सर्वांत स्वस्त आणि सर्वांत गुणकारी उपाय आहे. दोघे एकाच धंद्यातले असल्यामुळे भाषा मोडकीतोडकी असली तरी त्यांचे जुळते, आणि समोरच्यालाही कळते की या गिऱ्हाइकाच्या मागे कोणीतरी जाणकार आहे.

सुटे भाग नाना पेठेत एकाच फेरीत मिळतात. फॅनबेल्ट, रेडिएटरचे वरचे आणि खालचे होज, त्यांच्या क्लिपा, डिझेल फिल्टर, सगळ्या मापांचे फ्यूज, एक-दोन रिले, हेडलाइटचे बल्ब, इंजिन ऑइलचा डबा, ब्रेक ऑइलची बाटली, कूलंट आणि एम-सील एवढे पुरे. याहून जास्त घेण्याचा मोह टाळावा, कारण प्रत्येक किलो पाट्यांवर (गाडीचे वजन झेलणाऱ्या लोखंडी पट्ट्यांच्या स्प्रिंगांवर) आणि टायरांवरच येतो. विकत घेतलेला बेल्ट आणि होज गाडीवर एकदा लावून पाहावेत. 'सेम आहे' म्हणून दिलेला बेल्ट अर्धा इंच आखूड निघतो आणि तो आखूड आहे हे रानात कळून उपयोग नसतो. अवजारांसाठी बुधवारी किंवा रविवारी मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात चक्कर मारावी, तिथे चांगल्या पोलादाचे जुने पाने मिळून जातात. चाकाच्या नटांसाठी लांब दांड्याचा पाना मात्र नवा आणि मापाचाच घ्यावा.

स्टेपनी बदलण्याचा सराव सोसायटीच्या पार्किंगमध्ये घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाने एकदा करावा. सामानाखाली जॅक सापडतो का, हे तेव्हाच कळते. ओम्नी आणि ईकोचे इंजिन पुढच्या आसनांखाली असते, त्यामुळे तिथे खोकी बांधून ठेवली असतील तर इंजिनापर्यंत पोहोचण्यातच अर्धा तास जातो.

कागदपत्रांत विम्याची अट वाचून ठेवावी. रस्त्यात मदत देणारी जोडसेवा घेतली असेल, तर किती किलोमीटरपर्यंत गाडी ओढून नेतात आणि दुर्गम भागात सेवा मिळते का, हे आधी विचारावे. व्हॅनच्या आत बदल केले असतील, तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे परवानगीशिवाय गाडीच्या मूळ रचनेत फेरफार करता येत नाहीत, आणि मोटार कॅरॅव्हॅनसाठी, म्हणजे राहण्याची सोय असलेल्या गाडीसाठी, एआयएस-१२४ हे स्वतंत्र मानक आहे. नोंद नसलेला बदल दाव्याच्या वेळी आडवा येऊ शकतो.

पहिली पायरी: माणसे आणि जागा

गाडीने काही वेगळे केले, म्हणजे झटका दिला, आवाज बदलला किंवा दिवा लागला, की लगेच धोक्याचे चारही इंडिकेटर चालू करून, गाडीत अजून जी गती आहे तिचा उपयोग करून डावीकडे बाहेर यावे. थांबण्याची जागा निवडताना वळण, पुलाचा कठडा आणि चढाचा माथा टाळावा, कारण मागून येणाऱ्याला तिथे गाडी शेवटच्या क्षणी दिसते. फाटलेल्या टायरवर शंभर मीटर पुढे गेल्याने फार तर टायर आणि रिम जाईल, आणि सुरक्षित जागेपुढे त्याचे मोल काही नाही.

गाडी थांबल्यावर सर्वांनी डाव्या बाजूने उतरून लोखंडी कठड्यापलीकडे उभे राहावे. मुले गाडीत झोपली असतील तरी त्यांना उठवून बाहेर काढावे. महामार्गाच्या कडेला थांबलेल्या वाहनाला मागून धडक बसणे हा खरा धोका आहे, आणि व्हॅनच्या मागच्या गादीवरची जागा त्या वेळी सर्वांत वाईट असते. परावर्तक त्रिकोण साध्या रस्त्यावर सुमारे पन्नास मीटर आणि द्रुतगती मार्गावर शंभर-दीडशे मीटर मागे ठेवावा. घाटात अंतरापेक्षा तो वळणाच्या अलीकडे असणे महत्त्वाचे. आपल्याकडे ट्रकवाले दगड आणि झाडाच्या फांद्या लावतात. नाइलाज असेल तर तेही करावे, पण निघताना ते दगड स्वतःच्या हाताने उचलावेत. रात्री दुचाकीवरून येणाऱ्याचा जीव त्यावर जाऊ शकतो.

उतारावर असाल तर हँडब्रेक, गियर आणि चाकाला उताराच्या बाजूने दगड, तिन्ही लावल्याशिवाय गाडीखाली वाकू नये. आत गॅसची शेगडी असेल तर सिलिंडरची कळ सर्वांत आधी बंद करावी. पेट्रोलचा वास आला किंवा डॅशबोर्डखालून धूर दिसला, तर सामानाचा मोह सोडून लांब व्हावे आणि तिथूनच फोन करावा. आग विझवायचे नळकांडे म्हणूनच मागच्या कपाटात न ठेवता दाराशी असावे.

राष्ट्रीय महामार्गावर १०३३ हा क्रमांक चालतो. क्रेन, गस्तीची गाडी आणि रुग्णवाहिका यांची सोय त्यातून होते. जीवाला धोका असेल तर ११२ लावावा. जागा सांगताना "अमक्या ढाब्याच्या पुढे" असे न सांगता किलोमीटरच्या दगडावरचा आकडा आणि कोणत्या शहराकडे जाणारी बाजू, हे दोन्ही सांगावे. टोलची छापील पावती मिळाली तर ती टाकून देऊ नये. त्या पट्ट्यातल्या मदतीचा क्रमांक बहुधा तिच्यावरच छापलेला असतो. जम्मू-काश्मीर आणि लडाखमध्ये बाहेरच्या राज्यांची प्रीपेड सिमकार्डे चालत नाहीत, त्यामुळे घरातल्या एकाकडे तरी पोस्टपेड असावे.

दुसरी पायरी: गाडी काय सांगते आहे

बॉनेट उघडण्याआधी बंद पडण्यापूर्वीची पाच मिनिटे आठवून कागदावर लिहावीत. अचानक बंद पडली की आचके देत? कोणता दिवा आधी लागला? वास कसला होता? डिझेल शेवटचे कुठे भरले? मिस्त्री आल्यावर "चालता चालता बंद पडली" एवढेच सांगितले, तर तो आपल्या सवयीप्रमाणे जे नेहमी बिघडते तिथून उघडायला सुरुवात करतो.

लाल दिव्यांत ऑइलचा दिवा सर्वांत कडक. तो लागताच इंजिन बंद करावे. 'पुढच्या गावापर्यंत' नेलेले इंजिन नंतर लेथवर न्यावे लागते. इंजिनाच्या चित्राचा पिवळा दिवा लागून गाडी बरी चालत असेल, तर सावकाश पुढे जाता येते. बीएस-६ डिझेल गाड्यांत डीईएफ म्हणजे युरियाचे द्रावण लागत असेल, तर त्याचा इशारा कधीही टाळू नये, कारण ते संपल्यावर बऱ्याच गाड्या एकदा बंद झाल्या की पुन्हा सुरूच होत नाहीत.

किल्ली फिरवल्यावर नुसता 'टिक' असा आवाज येऊन सेल्फ घेत नसेल, तर हेडलाइट लावून पुन्हा किल्ली फिरवावी. दिवे एकदम मंदावले तर बॅटरी उतरली आहे किंवा तिच्या टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशी साठली आहे. टर्मिनल सोडवून पॉलिश पेपरने घासून घट्ट बसवणे हे काम कोणालाही जमते आणि अनेकदा तेवढ्यानेच भागते. जंपर लावायचे, म्हणजे दुसऱ्या गाडीच्या चांगल्या बॅटरीला वायरींनी जोडून आपली गाडी सुरू करायची झाल्यास, लाल वायर आधी उतरलेल्या बॅटरीच्या धन टोकाला, मग चांगल्या बॅटरीच्या धन टोकाला, त्यानंतर काळी वायर चांगल्या बॅटरीच्या ऋण टोकाला आणि शेवटचे टोक उतरलेल्या गाडीच्या इंजिनाच्या उघड्या धातूला लावावे, बॅटरीला नाही. ठिणगी पडलीच तर ती बॅटरीतून निघणाऱ्या वायूपासून दूर पडावी, हा त्यामागचा हेतू.

साधा मल्टीमीटर बरोबर ठेवला तर बराच तर्क वाचतो. गाडी बंद असताना भरलेली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते. इंजिन चालू असताना तोच आकडा साधारण १३.८ ते १४.४ व्हायला हवा. तो चढत नसेल तर डायनामो चार्ज करत नाही. अशा वेळी एसी, पंखे, फ्रिज आणि इन्व्हर्टर बंद करून दिवसाउजेडी मिळेल तेवढे अंतर कापावे. व्हॅनमध्ये घरगुती वापरासाठी दुसरी बॅटरी बसवलेली असेल, तर संशयाची सुई आधी त्या जोडणीकडेच वळवावी. माझ्या पाहण्यातल्या अशा गाड्यांत कंपनीच्या वायरिंगपेक्षा हौसेने ओढलेल्या वायरींनीच जास्त त्रास दिला आहे.

भिलवाड्याजवळ आमच्या ओळखीच्या एका व्हॅनचा डायनामो असाच बसला. पहिल्या गॅरेजवाल्याने न उघडताच नवा डायनामो टाकावा लागेल, तो शहरातून उद्या येईल, असे सांगितले. गाडीतल्या बाईंनी शांतपणे "इथे ऑटो इलेक्ट्रिशियन कुठे बसतो?" एवढेच विचारले. बाजाराच्या टोकाला, कडुनिंबाखाली टेबल टाकून बसलेल्या एका म्हाताऱ्या कारागिराने डायनामो मांडीवर घेऊन मागची जाळी उघडली, आणि आतले दोन कार्बन ब्रश काढून तळहातावर ठेवले. एक नखाएवढा शिल्लक होता, दुसरा जवळजवळ संपलेला. त्याने डब्यातून त्याच मापाचे ब्रश शोधले, कानशीने थोडे घासले, डाग दिला, स्लिपरिंग पॉलिश पेपरने पुसली आणि बसवून मीटर लावला: १४.१. चहा पिऊन होईपर्यंत काम झाले. प्रत्येक वेळी असे होत नाही. पण वीज, रेडिएटर, पाटे, वेल्डिंग, पंक्चर यांचे कारागीर छोट्या गावांत वेगवेगळे असतात आणि ज्याचे काम त्याच्याकडेच गेले पाहिजे, हे नवख्यांनी ध्यानात ठेवावे.

सेल्फ फिरतो पण इंजिन पकडत नाही, असे असेल तर आधी फ्यूज पाहावेत आणि मग इंधन. डिझेल पूर्ण संपेपर्यंत गाडी चालवली असेल तर नळीत एअर धरते आणि टाकी भरूनही गाडी सुरू होत नाही. फिल्टरवरचा हातपंप कडक होईपर्यंत दाबून एअर काढावी लागते. जुन्या इंजिनांत पुढच्या नळ्यांचे नटही सैल करून एअर काढत. कॉमन रेल, म्हणजे सगळ्या इंजेक्टरांना एकाच दाबनळीतून डिझेल देणाऱ्या नव्या इंजिनात मात्र त्या नळ्यांना हात लावू नये, कारण तिथला दाब हजार बारच्या वर जातो आणि ती धार कातडीतून आत शिरते. आडबाजूच्या पंपावर डिझेल भरल्यानंतर गाडी आचके देऊ लागली, तर फिल्टरखालचा स्क्रू सोडून तळाशी साठलेले पाणी काढून पाहावे.

गाडी गरम झाली तर

लांबच्या प्रवासात सामानाने भरलेल्या व्हॅनला हा त्रास सर्वांत जास्त होतो, आणि घाईने सर्वांत मोठे नुकसानही यातच होते. काटा वर सरकू लागताच एसी बंद करावा, हीटर पूर्ण गरमवर लावून पंखा जोरात सोडावा, आणि खालचा गियर टाकून सावकाश जागा शोधावी. मे महिन्यात हीटर लावणे वेडेपणाचे वाटेल, पण इंजिनाची उष्णता हीटरच्या छोट्या रेडिएटरमधूनही बाहेर पडते आणि सावली गाठण्याइतका वेळ मिळतो. वाफ दिसली तर मात्र तिथेच इंजिन बंद.

त्यानंतर पाऊण तास काहीही करू नये. रेडिएटरचे झाकण गरम असताना उघडले तर उकळते पाणी तोंडावर येते, आणि तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतले तर हेड तडकते. या वेळात जमिनीवर पाणी कुठून ठिबकते ते बघावे. तापमान वाढणे आणि बॅटरीचा दिवा लागणे या दोन्ही गोष्टी एकाच वेळी झाल्या असतील, तर बेल्ट तुटला असण्याची शक्यता मोठी. होज क्लिपजवळ फाटला असेल आणि लांबीत थोडी सूट असेल, तर फाटलेला तुकडा कापून उरलेला पुन्हा बसवता येतो. इंजिन ऑइलची काठी ओढून पाहावी. ऑइल दुधाळ झाले असेल तर पाणी ऑइलमध्ये मिसळले आहे, बहुधा हेडगॅस्केट गेले आहे, आणि अशी गाडी किल्ली न लावता उचलूनच न्यावी.

उंचीवर हा हिशेब आणखी कडक होतो. दर तीनशे मीटरला पाण्याचा उत्कलनबिंदू साधारण एक अंशाने उतरतो, म्हणजे ३,५०० मीटरवरच्या लेहमध्ये उघड्या भांड्यातले पाणी सुमारे ८८ अंशांनाच उकळते. रेडिएटरमधले पाणी न उकळता राहते ते झाकणाने धरलेल्या दाबामुळे; झाकणाचे रबर कडक झाले असेल तर पुण्यात न दिसलेला दोष मनाली-लेह मार्गावरच्या बारालाचा खिंडीच्या चढावर दिसतो. अडचणीत नुसते पाणी भरले असेल, तर थंड रात्रीच्या मुक्कामाआधी ते काढून कूलंट भरावे, नाहीतर पाणी गोठून रेडिएटर फुटतो. कडाक्याच्या थंडीत साधे डिझेलही घट्ट होते. म्हणूनच इंडियन ऑइलने २०१९च्या नोव्हेंबरात उणे ३३ अंशांपर्यंत प्रवाही राहणारे हिवाळी डिझेल लडाखसाठी आणले. मनाली-लेह मार्गावर तांदीच्या पंपावर पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर असल्याची पाटी आहे, ती थट्टा समजू नये.

ब्रेक, टायर आणि पाटे

लांब उतारावर ब्रेकचे पेडल मऊ लागू लागले किंवा जळका वास आला, तर ब्रेक ऑइल उकळण्याच्या बेतात आहे. खालच्या गियरमध्ये येऊन थांबावे आणि अर्धा-एक तास तसेच थांबावे. तापलेल्या डिस्कवर पाणी ओतू नये, ती वाकते. ज्या गियरमध्ये चढलात त्याच गियरमध्ये उतरावे, हा घाटातल्या जुन्या चालकांचा नियम सामान भरलेल्या व्हॅनला आजही लागू आहे.

चाक बदलताना नट जमिनीवर असतानाच सैल करावेत आणि मग जॅक लावावा. मऊ मातीत जॅकखाली लाकडी फळी हवी, ती घरूनच घ्यावी. नट समोरासमोरचे, आळीपाळीने आवळावेत.

ट्रॅव्हलरच्या मागच्या पाट्यांपैकी एखादा तुटला तर गाडी एका बाजूला कलते. जड सामान दुसऱ्या बाजूला व पुढे सरकवून, अगदी हळू, जवळच्या पाटेवाल्यापर्यंत जाता येते. ट्रक चालतात तिथे पाटेवाला असतोच.

तिसरी पायरी: इथे थांबायचे, ओढून न्यायचे की पुढे जायचे

मिस्त्री येण्याआधी घरच्यांनी बसून तीन गोष्टी ठरवाव्यात: गाडी सुरक्षितपणे चालू शकते का, लागणारा भाग कुठे मिळेल, आणि आज रात्री सगळे कुठे झोपणार. तिसरा प्रश्न नवख्यांच्या डोक्यात शेवटी येतो, कारण व्हॅन म्हणजेच घर असा विश्वास असतो. पण व्हॅन गॅरेजच्या खड्ड्यावर चढली की घरही तिच्यासोबत जाते. त्यासाठी प्रत्येकाची एका रात्रीची पिशवी, औषधे, चार्जर आणि रोख रक्कम वेगळी भरून दाराजवळ ठेवावी. दुपारी चारपर्यंत काम होण्याची चिन्हे नसतील, तर दिवस असतानाच लॉज शोधावा, आणि आजी-आजोबा बरोबर असतील तर त्यांना बसने किंवा रेल्वेने पुढच्या मोठ्या गावी एका मोठ्या माणसासोबत पाठवावे. चार माणसांनी गॅरेजच्या ओट्यावर ताटकळत बसल्याने काम लवकर होत नाही; उलट थकलेल्या मुलांकडे पाहून आपण मिस्त्री म्हणेल त्याला हो म्हणतो.

गाडी रस्त्यावर सोडून सगळ्यांनी निघून जाऊ नये. कलम १२७ प्रमाणे सार्वजनिक जागी दहा तास किंवा अधिक काळ बेवारस राहिलेले वाहन, आणि वाहतुकीला धोका होत असेल तर त्याआधीही, पोलीस ओढून नेऊ शकतात आणि तो खर्च मालकावर पडतो.

टोचन करायचे, म्हणजे दुसऱ्या गाडीला बांधून ओढून न्यायचे असेल तर दोराऐवजी लोखंडी दांडा वापरावा. इंजिन बंद असताना ब्रेकचा आणि स्टीअरिंगचा आधार जातो, पेडल दगडासारखे कडक लागते, आणि दोर असेल तर पुढची गाडी थांबताच आपण तिच्यावर आदळतो. किल्ली चालूच्या खुणेवर ठेवावी, नाहीतर वळणावर स्टीअरिंगचे कुलूप लागते. वेग वीस-पंचवीसच्या वर नको, आणि घाटाच्या उतारावर टोचन अजिबात नको. तिथे गाडी सपाट फळ्यावर चढवून नेणारी क्रेनच बोलवावी. समृद्धीसारख्या ७०१ किलोमीटरच्या बंदिस्त मार्गावर कडेला गॅरेज नसते, त्यामुळे तिथे बाहेर पडण्याचा सर्वांत जवळचा फाटा गाठणे हेच पहिले उद्दिष्ट असते.

कोणत्या गावाकडे ओढायचे? जवळचे गाव नेहमीच योग्य नसते. उत्तरेत जयपूर, इंदूरसारख्या शहरांत 'ट्रान्सपोर्ट नगर' नावाची वस्ती असते, निगडीत आपल्याकडे आहे तशीच. तिथे सुटे भाग, लेथ, पाटे आणि वेल्डिंग एका रांगेत मिळतात. ट्रॅव्हलर रुग्णवाहिका आणि शाळेची गाडी म्हणून देशभर चालते, त्यामुळे तालुक्याच्या गावी रुग्णवाहिका चालवणाऱ्याला विचारले की योग्य मिस्त्रीचे नाव लगेच मिळते. भाग कुठेच मिळाला नाही, तर पुण्यातल्या मिस्त्रीला जुन्या भागाचा, त्यावरच्या आकड्याचा आणि चॅसिस नंबरचा फोटो पाठवून तो खाजगी बसच्या पार्सलने मागवता येतो.

चौथी पायरी: गॅरेजमध्ये

कामाला हात लागण्याआधी काय उघडणार, भाग ओरिजिनल टाकणार की लोकल आणि मजुरी किती, हे बोलून घ्यावे. यात संकोच करू नये. चांगल्या मिस्त्रीला या प्रश्नांचा राग येत नाही. उत्तरेत "उस्ताद" म्हणून हाक मारली आणि चहा मागवला की बोलणे सोपे होते. काम चालू असताना जवळ उभे राहावे, मात्र दर दोन मिनिटांनी प्रश्न विचारू नयेत. काढलेला जुना भाग मागून घ्यावा: खरोखर तोच बिघडला होता का हे त्यावरून कळते, आणि पुढच्या शहरात तोच नमुना म्हणून दाखवता येतो. आड गावात नेटवर्क नसेल तर यूपीआय चालत नाही, म्हणून रोख रकमेचा वेगळा साठा असावा.

"आता इंजिन खोललेच आहे तर हेही करून टाकू" या वाक्याला नम्रपणे नकार द्यावा. गावातल्या मिस्त्रीचे कसब कमी असते असे मुळीच नाही. पण एखादा सील किंवा गॅस्केट तिथे मिळाले नाही, तर अर्धी उघडलेली गाडी तुम्हाला तिथेच अडकवून ठेवते. चालण्यापुरते काम तिथे करावे आणि बाकीचे मोठ्या शहरासाठी राखावे. गाडी पुरात पाण्यात थांबली असेल तर किल्ली फिरवण्याआधीच विमा कंपनीला कळवावे, कारण इंजिनात पाणी असताना सुरू करून झालेले नुकसान साध्या विम्यात बसत नाही.

नेपाळमध्ये गाडी नेली असेल तर भन्सारच्या, म्हणजे तिथल्या सीमाशुल्क खात्याने दिलेल्या परवान्याच्या, मुदतीकडेही लक्ष हवे. परवाना ठराविक दिवसांचाच असतो आणि गाडी गॅरेजात असली तरी दिवस मोजले जातात; मुदत संपण्याआधीच जवळच्या भन्सार कार्यालयात जाऊन, गॅरेजच्या पावतीसह, मुदतवाढ मागावी.

दुरुस्तीनंतर

पैसे चुकते करण्याआधी मिस्त्रीला शेजारी बसवून दहा-एक किलोमीटर गाडी चालवावी, एखादा चढ घ्यावा, परत येऊन गाडीखाली कोरडा पुठ्ठा सरकवावा आणि चहा होईपर्यंत त्यावर थेंब पडतो का ते पाहावे. चाक काढले असेल तर पन्नास ते शंभर किलोमीटरनंतर नट पुन्हा आवळावेत. त्या दिवशी पुढचा पल्ला निम्माच ठेवावा आणि मुक्काम मोठ्या गावात करावा. काय बिघडले, कोणता भाग टाकला, किती किलोमीटरवर, हे वहीत लिहून त्याचा फोटो पुण्याच्या मिस्त्रीला पाठवावा, आणि जो बेल्ट, फ्यूज किंवा फिल्टर वापरला असेल, तो त्याच गावच्या बाजारातून पुन्हा घेऊन पेटीत ठेवूनच बाहेर पडावे.